खेमाजीचा पहारा

त्या मोसमात वासुदेवच्या घरात पाऊल टाकलं की आधी व्हिनेगरचा वास यायचा. मग अळशीच्या तेलाचा, आणि सगळ्यात शेवटी अर्चनाच्या फोडणीचा. शारजातल्या अल नहदामधला दोन बेडरूमचा फ्लॅट. खाली सुपरमार्केट, समोर दुबईच्या दिशेने मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्या. अशा ठिकाणी चांगला शिकलासवरलेला क्वालिटी इन्स्पेक्टर बाल्कनीत मांडी घालून बंदुका गंजवत बसलाय, हे बघून एसी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा हातातला पाना विसरला होता.

बंदुका खोट्या होत्या. सन दोन हजार दोन. तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात किल्ल्यावरच्या पहाऱ्याचा प्रवेश बसवायचा ठरला आणि गणपती उठल्यावर मंडळाने शारजाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, आठ तोड्याच्या बंदुका आणल्या, दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेला लावतात तसल्या. नळी भरीव लोखंडाची, तोंडाशी बोटाच्या पेरापुरतं भोक. त्या उडणं शक्यच नव्हतं, म्हणून तर पोलिसांची परवानगी मिळाली. पण त्यांचं एकूण ध्यान वासुदेवला बघवेना. दस्त्यावर काकवीसारखं जाड व्हार्निश, पितळ नव्या समईसारखं चकचकीत, आणि चापाच्या वर चक्क चौफुलीचे स्क्रू. किल्ल्यावर फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर कोणाकडे होता, असं त्याने कमिटीच्या मीटिंगमध्ये विचारलं. सगळे हसले आणि काम त्याच्याच गळ्यात पडलं. त्याला ते हवंच होतं.

व्हार्निश खरवडून त्याने लाकडाला चहाचं कडक पाणी पाजलं, मग अळशीचं तेल. लोखंडाला व्हिनेगर आणि मीठ लावून गंज आणायचा, तो धुवायचा, पुन्हा आणायचा, असं करत करत नळीला वांग्यासारखा गडद रंग चढला. चौफुलीचे स्क्रू जाऊन एका खाचेचे आले, तेही कानशीने थोडे ओबडधोबड केलेले. सुती दोरी चहात उकळून बत्तीचे तोडे वळले. पण त्याची खरी करामत वेगळीच होती. बंदूक नुसती जुनी दिसून भागत नाही, ती कोणीतरी वापरलेली दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. हात कुठे घासतो, गाल कुठे टेकतो, पहाऱ्यावर उभं राहिल्यावर दस्त्याची टाच दगडावर कुठे झिजते. आणि झीज आणायची तर माणूस हवा. म्हणून त्याने प्रत्येक बंदुकीला एकेक माणूस दिला.

एकाचा अंगठा लहानपणी उखळात सापडलेला. एकाला तंबाखूचं व्यसन. एक इतका ठेंगणा की बंदूक त्याच्या कपाळाला लागायची. ज्याच्या हाती ती बंदूक द्यायची, त्याला तालमीत वासुदेव त्या माणसाचं नाव, गाव, सवयी आणि शेवट सांगायचा. शेवट महत्त्वाचा. कोणी तापाने गेला, कोणी कड्यावरून पडला, कोणी म्हातारा होऊन आपल्या खाटेवर. ते ऐकून बँकेतली आणि शिपिंग कंपनीतली माणसं एकदम ताठ उभी राहायची.

आठवी बंदूक मिहिकाची. मिहिका त्याची एकुलती एक मुलगी, बारावीत, डावखुरी. तिच्या हातात उजखोऱ्या माणसाची बंदूक शोभणार नाही म्हणून वासुदेवने झीज डाव्या अंगाला आणली आणि तिचा धनी ठरवला खेमाजी: उंच, हाडकुळा, कमी बोलणारा, डावखुरा. या बंदुकीवर त्याने इतर सातांच्या दुप्पट जीव ओतला. लेकीसाठी करत होता, आणि ती पुढच्या वर्षी शिकायला जाणार, हे मनात कुठेतरी टोचत होतं.

"अँड हाऊ डिड ही डाय?" मिहिकाने विचारलं.

वासुदेवची जीभ रेटेना. जी वस्तू पोरगी खांद्यावर घेणार, तिच्यामागे मरण कशाला लावायचं?

"तो नाही मेला," तो म्हणाला. "तो पहाऱ्यावर आहे."

"स्टिल?"

"बदलीला कोणी आलं नाही ना. बदली आल्याशिवाय पहारेकरी जागा सोडत नाही." हाच नियम तो तालमीतही घोकून घ्यायचा. नवा माणूस यायचा, 'बदली आली' म्हणायचा, जागेवर उभा राहायचा, आणि मगच जुना हलायचा. शब्द त्याने स्वतःच बसवले होते, पण ऐकायला खरे वाटायचे.

मिहिका म्हणाली, पुअर गाय. आणि बंदूक घेऊन आरशासमोर गेली.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. इतकी वर्षं अर्चना विळी, कात्री आणि नवऱ्याचा व्हर्नियर कॅलिपर पुजत आली होती. यंदा पाटावर आठ बंदुका ओळीने निजल्या. हळदकुंकू झालं, झेंडूची फुलं झाली. वासुदेवला मग अस्सलपणाची आणखी लहर आली. पूर्वी कामगिरी सोपवायची तर तबकात विडा ठेवत, आणि जो कोणी तो उचलेल त्याच्या अंगावर ते काम पडे. त्यांच्या प्रवेशातही तसा प्रसंग होता. त्याने दुबईतल्या देराहून आणलेल्या पानांचे विडे करून प्रत्येक बंदुकीपुढे एकेक ठेवला आणि नाटकी आवाजात म्हणाला, "कामगिरी एकच. ही आमची पोर. हिला जपायचं."

देवापुढे असली चेष्टा करू नये, असं अर्चना म्हणाली. मिहिकाने डोळे फिरवले.

सकाळी पाटावर सात विडे होते. खेमाजीपुढचा नव्हता. मिहिका पानाला तोंडही लावत नसे. अर्चनाला वाटलं नवऱ्याने खाल्ला, नवऱ्याला वाटलं बायकोने. जुनी लग्नं अशी असतात. एवढ्याशा गोष्टीवर कोण विचारत बसतं?

फेब्रुवारीत कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. सात बंदुका वासुदेवचा मित्र राजन याच्या गोदामात गेल्या. आठवी मिहिकाने सोडली नाही. ती दाराच्या आत, चपलांच्या रॅकशेजारी उभी राहिली. त्यांचं दार बाहेर पॅसेजमध्ये उघडायचं, म्हणून तो कोपरा मोकळाच असे.

मार्चमध्ये एकदा चप्पल शोधता शोधता वासुदेवने ती सहज उचलली. दस्त्याची टाच त्याने मोजून झिजवली होती. आता ती आणखी झिजली होती, डाव्या कडेला, लाकडाच्या रेषा उघड्या पडेपर्यंत. त्या रेषांत काहीतरी रुतलं होतं. त्याने भिंगाखाली धरलं. काळ्या दगडाचा चुरा होता. त्यांच्या घरात पांढऱ्या टाइल्स, पॅसेजमध्येही टाइल्स, आणि त्यापुढे कोसच्या कोस पिवळी वाळू. मिहिका शाळेत नेऊन खेळली असेल, असं म्हणून त्याने बंदूक जागेवर ठेवली. मग जेवताना तिला विचारलं. तिने महिन्याभरात हातही लावला नव्हता.

समोरच्या फ्लॅटमध्ये ताजबी राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, नवरा बंदरावर कामाला, साठीला टेकलेल्या आणि सगळ्या मजल्यावर लक्ष असलेल्या. एका दुपारी त्यांनी अर्चनाला हटकलं.

"काय गो अर्चना, तुम्ही वेगळा नातूर ठेवलाय?"

नातूर म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार. आपला तो खालचा बंगालीच, असं अर्चनाने सांगितलं.

"तो न्हवं. उंच आहे. तुमच्या दाराशी हुबा असतो, डाव्या हातात काठी. सलाम केला तर मान हलवतो बापडा. बोलत न्हाय."

अर्चनाने हे वासुदेवला सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. तो हसला, पण जरा उशिरा.

एप्रिलमधली गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मिहिका क्लासहून परत येत होती. अत्तर विकणारा म्हणून एक माणूस तिच्यामागून लिफ्टमध्ये शिरला आणि तिच्याच मजल्यावर उतरला. तिने किल्ली काढली तेव्हा तो तिच्या पाठीशी अगदी चिकटून उभा होता. मग त्याच्या तोंडून कसलासा आवाज आला आणि तो जिन्याने पळाला. मिहिकाने वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. जिन्यात त्याची एक चप्पल पडली होती, उलटी.

त्या संध्याकाळी अर्चनाने दाराबाहेर उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवला. का, ते वासुदेवने विचारलं नाही. त्यालाही कृतज्ञ वाटत होतं, आणि कोणाबद्दल ते म्हणायची हिंमत नव्हती. सकाळी तांब्या रिकामा असायचा. वाळवंटाची हवा आहे, पाणी उडतं, असं त्याने स्वतःला समजावलं. उरलं ते अर्चनाने समजून घेतलं. हळूहळू दोघांना त्याची सवय झाली. ऑफिसला निघताना वासुदेव दारातून जरा अंग चोरून जाऊ लागला, कोणाला धक्का लागू नये म्हणून.

जुलैमध्ये पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजमध्ये मिहिकाला जागा मिळाली. अर्चना रडली आणि लगेच बेसनाचे लाडू वळायला बसली. वासुदेवने ऑफिसात मिरवून मिरवून सांगितलं, रजा टाकली, दोघांची तिकिटं काढली. तो स्वतः बरोबर जाणार होता. हॉस्टेलची खोली बघायची, गादी घ्यायची, मेस कशी आहे ते चाखायचं. पोरीबरोबरचे हे चार दिवस त्याने किती वेळा मनात जगून घेतले होते. पण अंघोळ करताना, गाडी चालवताना, एकटा असला की त्याला एकच वाटायचं, की ही जाऊ नये. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणता बाप सांगतो?

बॅग भरून झाल्यावर वजन करायचं ठरलं. काटा ताजबींकडे होता. मिहिकाने बॅग ओढत दाराशी नेली आणि लॅच फिरवलं. दार उघडलं नाही.

वासुदेवने जोर लावला. नाही. तिने कंटाळून बॅग बाजूला ढकलली, पुन्हा हात लावला, आणि दार अलगद उघडलं. बॅग धरली की बंद. सोडली की उघडं. आधी त्यांना गंमत वाटली. मिहिकाने तर चारदा करून दाखवलं.

"बाबा, इट डझन्ट वॉन्ट मी टू गो," ती हसून म्हणाली.

वासुदेवने बिजागऱ्यांना तेल दिलं, चौकटीचा काटकोन गुण्याने तपासला, लाकूड दमट हवेने फुगलंय का ते पाहिलं. दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढणारा माणूस. त्याला एकही चूक सापडली नाही. शेवटी तो म्हणाला, जाण्याच्या दिवशी उघडेल, इन्शाल्ला. आणि मनाच्या तळाशी कोणीतरी म्हणालं, नाही उघडलं तरी चालेल.

जाण्याचा दिवस आला. विमान दुपारचं. त्या विमानाने गेलं नाही तर दुसऱ्या दिवशीची प्रवेशाची वेळ चुकणार आणि जागा दुसऱ्या कोणाला जाणार, हे कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं. खाली टॅक्सी उभी होती. मिहिकाने देवाला नमस्कार केला, आईच्या हातचं दही खाल्लं, बॅग उचलली.

दार उघडलं नाही.

या वेळी कोणी हसलं नाही. बॅग सोडून पाहिली, तरी उघडेना. तिच्या पायात बूट होते, पर्समध्ये पासपोर्ट होता. ती निघाली होती, हे कळत होतं. कोणाला, ते वासुदेवने मनातही म्हटलं नाही. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मिहिका आधी चिडली, मग रडकुंडीला आली.

वासुदेवने स्क्रूड्रायव्हर आणला आणि लॅचच काढून टाकलं. लोखंडी जीभ, कप्पा, मूठ, सगळं त्याच्या हातात आलं. दारात एक गोल भोक उरलं. आता त्या दाराला अडवून धरणारं काहीही नव्हतं.

त्याने ढकललं. दार जराही हललं नाही. पलीकडून कोणी पाठ टेकून उभं राहिलं तर लागेल, तसं लागलं. घट्ट, आणि थोडं मऊ.

चपलांच्या रॅकशेजारी बंदूक नव्हती.

तो वाकला आणि भोकातून पाहिलं. समोर ताजबींचं हिरवं दार दिसायला हवं होतं. दिसलं ते कापड. जाडंभरडं, घामाने पिवळं पडलेलं, डोळ्याच्या इतकं जवळ की त्यातला धागा न् धागा मोजता आला असता.

कापड हळूच पुढे आलं. हळूच मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

वासुदेवने मिहिकाला आत जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं. अर्चना तिथेच थांबली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने भिंतीला हात टेकला.

"तिला जाऊ दे," तो भोकापाशी तोंड नेऊन म्हणाला.

कापडाची लय बदलली नाही.

"मी सांगतोय. मीच विडा ठेवला होता. झालं काम. खलास."

मग त्याच्या लक्षात आलं, की तो नुसतं तोंडाने म्हणतोय. पलीकडच्याने ऐकलं होतं ते दुसरंच काहीतरी, अंघोळीच्या वेळचं, गाडीतलं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्या उभ्या माणसाची दया आली. इतके महिने, पाण्याच्या एका तांब्यावर. त्याला मरणसुद्धा दिलं नव्हतं आपण.

"मला ती जायला नकोय," वासुदेव म्हणाला. "पण तिने जायला हवं. खरंच हवं."

श्वास थांबला. पण पाठ हलली नाही. का हलत नाही ते त्याला माहीत होतं, त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तालमीत घसा कोरडा होईपर्यंत त्यानेच ते शिकवलं होतं.

त्याने अर्चनाकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून. तिला पुरतं कळलं होतं असं नाही, पण बायकोला कळायचं तेवढं कळलं होतं.

"बदली आली," वासुदेव म्हणाला.

भोकात हिरवं दार दिसलं.

त्याने बोटाने ढकललं तसं दार उघडलं. पॅसेज रिकामा होता. बाहेर, दाराच्या डाव्या अंगाला, बंदूक भिंतीला टेकून उभी होती. ती डाव्या हातात घेऊन तो तिच्या जागी उभा राहिला. टाइल पायाखाली कोमट होती.

मिहिका बॅग घेऊन धावत बाहेर आली. "यल्ला बाबा, वी आर सो लेट."

"तुम्ही दोघी एअरपोर्टला निघा," तो म्हणाला. "दाराला लॅच नाही. उघड्या घरात आईला चार दिवस एकटीला टाकून कसं येऊ? मुंबईला मामा येईल घ्यायला. तू मोठी झालीस आता."

तिचा चेहरा पडला. मग तिला ते पटलं, कारण ते पटण्यासारखंच होतं, आणि तिने त्याला गच्च मिठी मारली. त्याने एकाच हाताने तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. निघताना आईने चोपडलेलं, तिला मुळीच न आवडणारं. लिफ्टचं दार मिटेपर्यंत ती हात हलवत होती. त्याला मनापासून आनंद झाला, हे सांगितलंच पाहिजे. आनंद झाला आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, ते त्याने पुसलं नाही.

अर्चना उन्हं कलल्यावर परतली. तो तिथेच होता. तिने आल्या आल्या सांगितलं, की सगळं नीट झालं. एअरपोर्टवर एका उंच माणसाने पोरीची बॅग पट्ट्यावर उचलून ठेवली. हमाल समजून तिने पैसे पुढे केले, तर घेतले नाहीत. "मालकांना सांगा, आता निजतो," एवढं म्हणाला आणि गर्दीत गेला.

वासुदेवने मान हलवली. त्याला बरं वाटलं.

आत चला, चहा टाकते, असं ती म्हणाली. त्याने काही उत्तर दिलं नाही, निदान तिला तसं वाटलं. तिने बाही धरून ओढून पाहिलं. मग घरातून खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवली. त्याला बसायचं होतं. सबंध दुपार त्याला बसायचं होतं. पण गुडघे वाकले नाहीत. अर्चनाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच त्या खुर्चीवर बसली, पॅसेजमध्ये, त्याच्या पायाशी. दोघं असेच राहिले. खालच्या मशिदीतून संध्याकाळची अजान झाली.

आत फोन वाजला. अर्चना धावत जाऊन कॉर्डलेस घेऊन आली. मिहिका मुंबईला पोचली होती. मामा भेटला होता, पाऊस होता, विमानात शेजारच्या बाईने डोकं खाल्लं होतं. सगळं एका दमात सांगून ती म्हणाली, "गिव्ह इट टू बाबा."

अर्चनाने फोन त्याच्या कानाशी धरला. वासुदेव बोलला. नीट जा म्हणाला, पुण्याला पोचल्यावर गादी बघून घे, स्वस्तातली घेऊ नको, पाठ धरते. मग जे कधी बोलला नव्हता तेही बोलला, की तुझ्याशिवाय घर खायला उठतं, पण तू मागे बघू नकोस. सगळं बोलून झाल्यावर तो थांबला.

"हॅलो?" पलीकडून मिहिका म्हणत होती. "हॅलो? बाबा? आई, बाबा काही बोलतच नाहीयेत. आहेत ना तिथे?"

अर्चनाने फोन आपल्या कानाला लावला. ती त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती.

"आहेत गं," ती म्हणाली. "इथेच उभे आहेत."